जुन्या झेंड्याचं काय करायचं

माझ्या नावाची पत्रकं तू वाचली असशील. मिरजगावच्या स्टँडवर, बाजारात, पाझर तलावाच्या कामावर — कुठंतरी एखादं हातात पडलंच असेल. पातळ गुलाबी कागद, वर जाड अक्षरात सवाल, खाली तीन उद्गारचिन्हं. जाब द्या!!! जाब मागण्यात माझी हयात गेली. हयात म्हणजे काय — सव्वीस वर्षांचा आहे मी. पण मागत आलो. सरपंचाला, मामलेदाराला, खडी मोजणाऱ्या मुकादमाला.

हे पत्रक नाही. हे मी आईला सांगितलेलं नाही, संघटनेतल्या एकाही दोस्ताला नाही, आणि ज्या माणसाला सांगायला हवं होतं त्याच्यासमोर तर दोनदा तोंड उघडून दोनदा मिटलंय. तुला सांगतो. तुलाच का? तू मला ओळखत नाहीस म्हणून असेल. ओळखणाऱ्यांनी माझ्या गळ्यात हार घातलेत.

मला राग येतो, हे आधीच सांगून ठेवतो. आजही येतोय. लिहिताना मधेच मी गावावर घसरेन, सरपंचावर घसरेन — तेव्हा समज, की मी पुन्हा पळतोय. दुसऱ्यावर ओरडलं की स्वतःचा आवाज ऐकू येत नाही. ही विद्या मला चांगली येते.

आमच्या गावात झेंडा वर्षातून दोनदा चढायचा. शाळेच्या पटांगणात लोखंडी पाइप रोवलेला आहे, त्याला कप्पी आणि दोरी. दोरी ओढायचा मान सरपंच अण्णांचा. भाषणाचा मानही त्यांचाच. पण झेंडा बांधायचे भिवा नाना. ते बांधणं तू जवळून पाहिलंयस का कधी? साधं काम नाही. केशरी वरच्या अंगाला राहील अशी घडी घालायची, घडीत फुलांच्या पाकळ्या ठेवायच्या, आणि दोरीचा असा फेर मारायचा की वर जाईस्तोवर सुटता कामा नये आणि वर गेल्यावर एका हिसक्यात सुटला पाहिजे. गावात ही गाठ एकाच माणसाला येत होती. नाना लष्करातून नाईक होऊन निवृत्त झालेले. गाव त्यांना ‘सुभेदार’ म्हणायचं — निम्मं चेष्टेनं, निम्मं सवयीनं.

नाना बौद्धवाडीतले. सकाळी उजाडायच्या आत येऊन ते झेंडा बांधायचे, दोरी सरपंचाच्या हाती द्यायचे आणि मागं जायचे. पार मागं, शाळेच्या भिंतीला टेकून. ‘सावधान’ म्हटलं की सगळ्या पटांगणात एकच माणूस खरा सावधान उभा असायचा — तो तिथं, भिंतीपाशी. ह्यावर मी पत्रक काढलं नाही कधी. आज वाटतं, हेच काढायला हवं होतं. मी पाटलाच्या घरातला, पुढच्या रांगेत उभा राहायचो. मागं वळून बघावं लागलं असतं ना.

पत्रक काढलं ते दुसऱ्याच गोष्टीवर. बहात्तर सालच्या सव्वीस जानेवारीला झेंडा उलगडला आणि मी पाहिलं — खालच्या हिरव्या पट्टीचं टोक फाटून धागे लोंबतायत, आणि त्याच्या वर कुठल्याशा परकराच्या कापडाचं ठिगळ. हिरवंही नव्हतं धड, पोपटी होतं. खाली उभा राहून सरपंच देशाच्या प्रगतीवर बोलतोय, आणि डोक्यावर ठिगळ फडफडतंय! त्याच आठवड्यात मी नगरच्या छापखान्यात जाऊन पत्रक काढलं. ‘ठिगळाचा झेंडा आणि झोपलेली ग्रामपंचायत!!!’ लोकांनी ते चवीनं वाचलं. अण्णांना वरून बोलणी बसली. त्या वर्षी स्वातंत्र्याला पंचवीस वर्षं भरत होती, थाटात साजरं करा असा तालुक्याचा हुकूम आला होता. ऑगस्ट लागला तसा खादीचा नवाकोरा झेंडा गावात आला.

आता मला सांग, नवा झेंडा आला तर जुन्याचं काय करायचं? विचार केलायस कधी? आमच्या गावानं केला नव्हता. आभाळ कोरडं होतं, विहिरी तळाला गेल्या होत्या, सगळं गाव तलावाच्या कामावर खडी फोडत होतं. जुन्या झेंड्याचा विचार कोण करतो? मी शाळेत काहीतरी कामाला गेलो होतो, तर पोरांना दुपारी खायला वाटायच्या सुकडीचा पत्र्याचा डबा कोपऱ्यात ठेवलेला, आणि त्याच्या बुडाखाली — पत्रा जमिनीला घासू नये म्हणून — चुंबळ करून झेंडा. तोच. पोपटी ठिगळ बाहेर डोकावत होतं.

माझं डोकं फिरलं. खरंच फिरलं — एवढं तरी मानून घे. मी गुरुजींवर आवाज चढवला. गुरुजी शांतपणे म्हणाले, “अरे, फाटकाच तो. नवा आलाय ना आता? तुला एवढा पुळका आहे तर घेऊन जा बाबा, आणि तूच बघ काय करायचं ते.”

मी डबा सरकवून झेंडा काढला, झटकला, पिशवीत घातला. पावती नाही, नोंद नाही. गुरुजींनी दिला, मी घेतला. हे लक्षात ठेव.

त्या पिशवीत एक पुस्तक होतं. झेंड्याचे नियम सांगणारं सरकारी पुस्तक — इंग्रजी, चाळीसेक पानांचं, मातकट पुठ्ठ्याचं. नगरच्या एका रद्दीवाल्याकडं मिळालं होतं. ठिगळाच्या पत्रकासाठी मी ते पाठ केलं होतं म्हण ना. झेंडा जमिनीला लागू नये, पाण्याला लागू नये, केशरी खाली करू नये, सूर्य मावळायच्या आत उतरवावा. आणि शेवटाकडं, सतराव्या पानावर: झेंडा फाटला, मळला, तर तो कुठंही टाकून देऊ नये. संपूर्ण नष्ट करावा. चार लोकांत नाही, खासगीत. आणि शक्यतो जाळून.

जाळून — हो. मलाही पहिल्यांदा वाचताना दचकायला झालं होतं. पण आपण तरी काय करतो? जे आपलं असतं, ज्याचा मान ठेवायचा असतो, ते उकिरड्यावर टाकतो का? अग्नी देतो. मला तो नियम आवडला. आमच्या गावात इंग्रजी वाचणारे दोघेच होते, गुरुजी आणि मी. त्यातल्या एकाला झेंड्याची चुंबळ चालत होती. म्हणजे तो नियम माहीत असलेला, मानणारा, गावात मी एकटा. ह्याचा मला गर्व होता.

मी झेंडा घेऊन नानांकडं गेलो. त्यांना पुस्तक दाखवलं, सतरावं पान मराठीत सांगितलं. नानांनी पान हातात घेऊन अक्षरांवरून बोट फिरवलं. त्यांना इंग्रजी येत नव्हतं, पण फिरवलं.

“व्हय,” ते म्हणाले. “आमच्या पलटनीत बी असंच हुतं. पर ते काम सायेब लोकांचं. आमी लांबून बगायचो.” मग पुस्तक माझ्याकडं देत — “म्या करू?”

त्या दोन शब्दांत काय होतं ते मला तेव्हा कळलं नाही. जन्मभर झेंडा बांधून दोरी दुसऱ्याच्या हातात देणारा माणूस होता तो. मी म्हणालो, “तुम्हीच करा नाना, तुमच्याशिवाय कोण?” असं बोलायला मला छान जमतं.

त्यांनी दुसरा दिवस ठरवला, दुपारची वेळ. वाडीतली सगळी माणसं कामावर गेलेली असतात म्हणून. मी गेलो तर परसातली एवढीशी जागा शेणानं सारवलेली, बाभळीच्या चार ढलप्या रचलेल्या. नानांनी आंघोळ केली होती — त्या दुष्काळात, तांब्याभर पाण्यात — आणि पेटीतला, दोन बिल्ले लावलेला खाकी कोट अंगात घातला होता. नानांची बायको, गिरजामावशी, चुलीपुढून करवादत होत्या, “भाकरीला जळन मिळंना, आन ह्यास्नी फडकी जाळायला ढलप्या पायजेत!”

“गप,” नाना म्हणाले. “फडकं न्हाई ते.”

त्यांनी झेंड्याची घडी घातली. लोंबणारे धागे एकेक करून आत खोचले. मला म्हणाले, “समदा जळाया पायजे. धागा बी ऱ्हाता कामा नये.” मग घडी लाकडांवर ठेवली, मागं सरले आणि सलाम केला. ज्वाळ वर आली तेव्हाही हात खाली घेतला नाही. मी घरात पाण्याचा तांब्या आणायला गेलो — राख विझवून नंतर मातीत पुरायची होती. परत आलो तेव्हा कुंपणापलीकडं कुणाचं तरी डोकं हललं. सरपंचांच्या घरचा गडी, चुकलेली शेळी हुडकत आलेला. त्यानं काय पाहिलं? कोट घातलेला भिवा नाना, पेटलेला झेंडा, आणि सलाम.

संध्याकाळपर्यंत गावात झालं — सुभेदारानं झेंडा जाळला. सलाम ठोकून जाळला. हसत हसत जाळला. त्या वर्षी शहराकडची दलित पोरं सभांमधून विचारत होती, ह्या स्वातंत्र्यानं आम्हाला काय दिलं म्हणून. पेपरात ते येत होतं. गावातल्या शहाण्यांनी दोन आणि दोन जुळवले. “वाडीला आता झेंडा बी नको झालाय व्हय?” आणि आठच महिन्यांपूर्वी नवा कायदा झाला होता. झेंडा जाळला तर तीन वर्षांची कैद! कायदा कुणी वाचला नव्हता. तीन वर्षं मात्र सगळ्यांना पाठ.

राग येतो ना? ज्या गावानं त्या झेंड्याची चुंबळ केली, परकराचं ठिगळ लावलं, सुकडीच्या डब्याखाली रगडला, त्याच गावाला आता तो पवित्र झाला. आणि ज्यानं त्याला मानानं अग्नी दिला तो द्रोही! मला त्या रात्री झोप आली नाही. मला वाटलं ती रागानं आली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी चावडीत नानांना बोलावलं. हवालदार आला होता, सरपंच होते, गुरुजी होते, दारात-खिडकीत सगळं गाव. मी भिंतीला टेकून उभा होतो. खांद्याला पिशवी. पिशवीत पुस्तक. सतराव्या पानासकट.

“झेंडा जाळला का?” हवालदारानं विचारलं.

“जाळला,” नाना म्हणाले. ताठ उभे होते. कोट तोच.

“लाज न्हाई वाटत?” सरपंच ओरडले.

“लाज कशापायी, अण्णा? नियमानं जाळला. बुकात लिवलंय.”

मागून कुणीतरी खिदळलं. “आता सुभेदार बुकं बी वाचाया लागला!”

“कुठलं बुक? कुणाकडं हाय? आणि झेंडा तुला दिला कुणी?” हवालदारानं विचारलं.

नानांनी माझ्याकडं पाहिलं.

नाव घेतलं नाही. मी पुढं येईन अशी त्यांची खात्री होती — मला घाई करायची त्यांना गरज वाटली नाही, एवढी खात्री. फक्त पाहिलं. मी पिशवीच्या बंदाला हात लावला. किती वेळ गेला असेल? हवालदारानं तंबाखू मळून तोंडात टाकली, तेवढा. पुस्तक काढायला तेवढा वेळ पुष्कळ होता. तेवढ्यात गुरुजी बोलले, “झेंडा शाळेच्या कपाटात होता. कसा गेला, मला माहीत नाही.” आणि त्यांनीही माझ्याकडं पाहिलं. वेगळ्या नजरेनं. मी बंदावरचा हात काढला.

नाना पुन्हा म्हणाले, “बुकात लिवलंय.” ह्या वेळी हळू.

मला काय होणार होतं, सांग? पाटलाचा पोरगा मी. अण्णा माझ्या चुलत्याच्या मांडीला मांडी लावून बसणारे. मी पुढं होऊन पुस्तक उघडलं असतं तर हवालदारानं दोन प्रश्न विचारले असते आणि चहा पिऊन गेला असता. हे मला तेव्हाही माहीत होतं. तुरुंगाची भीती होती असं मी दोन वर्षं स्वतःला सांगितलं. ती असती तरी बरं होतं, भीतीला निदान आकार असतो. मला भीती होती ती ह्याची, की गाव म्हणेल — ठिगळावरून गावाची अब्रू काढणारा हा, शेवटी वाडीत जाऊन झेंडा जाळून आला. माझं हसं होईल. माझ्या पत्रकांना कुणी हात लावणार नाही. एवढंच. एका माणसाच्या कोटावरच्या दोन बिल्ल्यांसमोर माझा गुलाबी कागद.

आणि आणखी एक. लिहायला हात जड झालाय, तरी लिहितो. नानांना हवालदारानं बाहेर नेलं, तेव्हा माझ्या डोक्यात पहिली ओळ आली. पत्रकाची. छान होती ओळ.

पंधरा ऑगस्टला नाना कोठडीत होते. झेंडा गुरुजींनी बांधला. सरपंचांनी दोरी ओढली — सुटेना. दुसरा हिसका — सुटेना. तिसऱ्याला अर्धा सुटला आणि कण्हेरीच्या पाकळ्यांचा गोळा धप्पकन अण्णांच्या टोपीवर पडला. मी हसलो. तेही पत्रकात घातलं.

ते पत्रक तू वाचलं असणार, ते फार लांब गेलं. ‘भिवा नानांवर खोटा आळ!!!’ त्यात मी लिहिलं की झेंडा जाळलाच गेला नाही. परसात जळालं ते जुनं धोतर. झेंडा शाळेतून सरपंचाच्या माणसांनी पळवला आणि बौद्धवाडीला बदनाम करायला हा डाव रचला. एक शब्द खरा नव्हता. ‘अन्याय’ खरा होता, बाकी सगळं खोटं. आणि खऱ्या अन्यायाला हा खोटा टेकू कशाला लागला? नियम तर आमच्या बाजूनं होता! छापील, सरकारी, पिशवीतला! पण तो नियम काढला की विचारणार — सुभेदाराला तो वाचून कुणी दाखवला?

तालुक्याला मोर्चा गेला. मी बैलगाडीवर उभा राहून बोललो. “धोतर जाळणं हा गुन्हा असेल तर आम्हा सगळ्यांना अटक करा!” टाळ्या पडल्या. वाडीतली पोरं माझ्या नावानं ओरडत होती. त्यांचा माझ्यावर विश्वास होता रे. त्यांच्यातल्या कुणी गाडीवर चढून बोलावं असं मला सुचलंही नाही.

एक अडचण होती. नाना. कोठडीत जाऊन आमच्या वकिलांनी त्यांना समजावलं, धोतर होतं म्हणा, संपलं. नाना म्हणाले, “धोतर व्हय? धोतराला कोन सलाम करतं?” पुन्हा विचारलं, पुन्हा तेच. जाळला, नियमानं जाळला. वकील वैतागून बाहेर आले आणि मला म्हणाले, “म्हातारा ऐकत नाही. एकच वाट आहे. वयामुळं डोक्यावर परिणाम झालाय, काय बोलतो ते कळत नाही, असा अर्ज देऊ. झेंडा सापडलेला नाही, राख पुरलेली. प्रकरण तिथंच बसेल. देऊ का?”

मी म्हणालो, द्या.

अकराव्या दिवशी नाना सुटले. आम्ही गुलाल उधळला. माझ्या गळ्यात हार पडला, त्यातला एक मी काढून नानांच्या गळ्यात घालायला गेलो. त्यांनी मान मागं घेतली. कुणाच्या लक्षात आलं नाही, गर्दी होती. मला म्हणाले, “दत्ता, येडा ठरवून सोडवलंस मला. त्यापरीस तीन वर्सं बरी हुती.”

गाव आता त्यांना सुभेदार म्हणत नाही. येडा सुभेदार म्हणतं. पोरं त्यांना वाटेत अडवून सावधान-विश्राम करायला लावतात. झेंडा बांधायला कुणी बोलावत नाही — वेड्या माणसाच्या हातात झेंडा कसा द्यायचा? नियम आहे ना! शाळेची मुलं तीन हिसक्यांची वाट बघतात, हसायला. नाना त्या दिवशी पटांगणात येत नाहीत. भिंतीपाशीसुद्धा नाही.

गुरुजी मला आता ‘दत्ताजीराव’ म्हणतात. वाटेत भेटले की आम्ही दोघं जरा जास्तच हसतो. तू ओळखशील तसलं हसू — एकाच घरात चोरी केलेल्यांचं.

आणि एवढं सगळं सांगूनही एक मी गाळलंय. बघ, तुलाही फसवलं. मघाशी म्हणालो ना, नानांनी घडी लाकडांवर ठेवली, सलाम केला, ज्वाळ वर आली? ज्वाळ आपोआप येते का? नाना काडेपेटी हातात धरून उभे होते. दोन काड्या विझल्या. माझ्याकडं वळून म्हणाले, “माज्यानं हुईना गड्या. लई वर्सं बांदलाय.” त्यांनी पेटी माझ्या हातात दिली आणि मागं सरून सलामाला हात उचलला.

काडी मी ओढली. झेंडा मी पेटवला.

कोठडीत अकरा दिवस, वकिलापुढं, हवालदारापुढं, नाना ‘जाळला’ म्हणत राहिले. ‘मी जाळला’ असंही नाही. नुसतं ‘जाळला’. त्यांना खोटं बोलायचं नव्हतं आणि माझं नावही घ्यायचं नव्हतं. तेवढी एक फट त्यांनी शोधली आणि तीत अकरा दिवस उभे राहिले. मी बाहेर बैलगाडीवर.

गेल्या दिवाळीच्या सुमाराला मी वाडीत गेलो होतो, दुसऱ्याच कामाला. नानांनी हाक मारली. पाणी दिलं. मग म्हणाले, “दत्ता, ते बुक हाय का रं? एकडाव वाचून दाव. सतरावं पान. म्या खरंच तसं ऐकलं हुतं का, का माजंच डोस्कं —” गिरजामावशी चुलीपुढून माझ्याकडं बघत होत्या. माझ्या खांद्याला तीच पिशवी होती.

मी म्हणालो, “नाना, ते पुस्तक हरवलं.”

ते हरवलेलं नाही. घरी माझ्या ट्रंकेत आहे, पत्रकांच्या गठ्ठ्याखाली. काल उघडलं. सतराव्या पानात, शिवणीत अडकून, बोटभर हिरवा धागा आहे — नाना लोंबणारे धागे आत खोचत होते तेव्हा पुस्तक माझ्या मांडीवर उघडं होतं, तेव्हाच पडला असणार. नियम सांगतो, संपूर्ण जाळावा. नानांनी तेवढंच सांगितलं होतं मला. तेवढंही राहिलं.